हिरवा दिवा आणि रात्रीत गेलेली लाइट: नेटवर्कच्या जोडणीची खबर देणारा कोड कसा तपासला जातो

मे महिन्यात बारावीचा निकाल लागला की आमच्या अमळनेर भागात दाखल्यांसाठी रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, सगळे अर्ज ऑनलाइन भरायचे असतात आणि बाहेर पारा ४५ च्या आसपास असतो. अशाच एका दुपारी ओळखीच्या एका केंद्रात मी भाचीचा अर्ज भरायला गेलो होतो. तिथे एकेक अर्ज अर्ध्यावर तुटत होता. केंद्र चालवणारा तरुण पडद्याच्या कोपऱ्यातली खूण दाखवून सांगत होता की जोडणी आहे. त्याने नेट पुरवणाऱ्यांना फोन लावला, तर त्यांच्याकडेही ही लाइन दिवसभर हिरवीच दिसत होती. रांगेतले पालक मात्र त्या तरुणालाच बोल लावत होते.

मी टेबलाखाली वाकून पाहिले. तारेच्या टोकाच्या प्लगची प्लास्टिकची खिट्टी तुटलेली होती. कूलरचा झोत फिरत फिरत त्या कोपऱ्यात आला की तार बोटभर हलायची आणि दोन-तीन सेकंद जोडणी जायची. तीच तार माझ्या लॅपटॉपला लावून मी जोडणी किती वेळा बदलली याचा आकडा उघडला, तर तो कूलरच्या प्रत्येक फेऱ्यागणिक वाढताना दिसला. तार बदलली आणि अर्ज भरले जाऊ लागले. पण जोडणी इतक्या वेळा तुटत असताना ते कोणालाच का दिसले नाही, हा प्रश्न उरला. नेट पुरवणाऱ्यांची यंत्रणा काही मिनिटांनी एकदा लाइनकडे पाहत होती, आणि ज्या क्षणी ती पाही त्या क्षणी लाइन चालू असे. कोणी खोटे बोलत नव्हते, तरी पोहोचलेली खबर चुकीची होती.

जोडणी आहे की नाही हे सांगणारा कोड थोड्याच ओळींचा असतो. अशा कोडात कोणी बदल सुचवला की तो स्वीकारण्याआधी दुसऱ्या जाणकाराने तो ओळ न् ओळ वाचून तपासायचा असतो. या तपासणीला रिव्ह्यू म्हणतात आणि सुचवलेल्या बदलाला पॅच. माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग हाच आहे. तीन ओळींच्या एका साध्या पॅचचा रिव्ह्यू करताना काय काय पाहावे लागते, ते इथे उलगडून सांगतो.

जोडणी म्हणजे काय, आणि काय नाही

दोन यंत्रांमध्ये नेटवर्कची तार टाकली की दोन्ही टोकांच्या चिप आधी एकमेकींची चाहूल घेतात. सेकंदाला १ कोटी बिट वाहून नेणाऱ्या जुन्या प्रकारच्या तारेत काही पाठवायचे नसतानाही साधारण दर १६ मिलिसेकंदांनी एक बारीक ठोका दिला जाई, आणि पलीकडचा ठोका ऐकू येतो तोवर जोडणी आहे असे मानले जाई. १९९५ च्या प्रमाणात (प्रमाण म्हणजे यंत्रे बनवणाऱ्या सगळ्यांनी पाळायची ठरलेली नियमावली) याच ठोक्यांमधून ‘मला कोणते वेग जमतात’ हेही एकमेकांना सांगण्याची सोय आली. तिला आपण वाटाघाट म्हणू. १९९९ मध्ये साध्या तांब्याच्या तारेवर १ गिगाबिट वेगाचे प्रमाण आले. त्यासाठी तारेच्या आत असलेल्या बारीक तारांच्या चारही जोड्या शाबूत लागतात. १०० मेगाबिटला मात्र दोनच जोड्या पुरतात, म्हणून एखादी जोडी तुटलेली तार कधी कधी कमी वेगाने चालू राहते आणि दिवा हिरवाच असतो.

चाहूल लागून वेग ठरला की जोडणी झाली, म्हणजेच लिंक आली. तिच्यापुढे इंटरनेट आहे की नाही, हे लिंक सांगत नाही. आमच्या शेतात विहिरीवरच्या मोटरीच्या पेटीवर लाल, पिवळा आणि निळा असे तीन दिवे आहेत, एकेका फेजसाठी एकेक. तिन्ही लागले म्हणजे थ्री फेज लाइट आली. विहिरीत पाणी आहे का, पाइप फुटला आहे का, हे त्या दिव्यांना कळत नाही. नवी पेटी बसवली तेव्हा काकांनी वायरमनला विचारले होते, “दिवा तं लागेल शे, मंग पानी का बर नही?” संगणकाच्या पडद्यावर ‘जोडलेले’ असे दिसत असतानाही अर्ज पुढे सरकत नाही, तेव्हा माणसे आम्हांला हाच प्रश्न विचारतात.

खबर किती हातांतून जाते

तारेशी बोलणाऱ्या चिपमध्ये १६-१६ बिटांची लहान रजिस्टरे असतात. रजिस्टर म्हणजे नोंदीचा कप्पा, आणि बिट म्हणजे त्यातली ० किंवा १ एवढीच नोंद. यांपैकी एका रजिस्टरमधला एक बिट जोडणीसाठी राखून ठेवलेला असतो. हा बिट ड्रायव्हर नावाचा कोड वाचतो. ड्रायव्हर ती खबर संगणकाच्या मूळ प्रणालीला देतो, प्रणाली ती इतर प्रोग्रामांना कळवते आणि त्यांतला एखादा प्रोग्राम पडद्यावर खूण उमटवतो. पुष्कळ राउटरांत आणि सगळ्या अँड्रॉइड फोनांत लिनक्स ही मूळ प्रणाली असते. लिनक्सचा कोड उघडा आहे, त्यामुळे तो कोणालाही वाचता येतो आणि कोणालाही त्यात बदल सुचवता येतो.

वाटेत अर्थ बदलण्याच्या जागा पुष्कळ आहेत. पोर्ट, म्हणजे तार खोचायची जागा, मालकाने चालू ठेवलेली असणे ही एक गोष्ट आणि तिच्यातून प्रत्यक्ष जोडणी असणे ही दुसरी. पेटीचे बटण दाबलेले असणे आणि लाइट असणे यांत जेवढा फरक आहे, तेवढाच इथेही आहे. २००० साली आलेल्या इंटरनेटच्या एका प्रमाणात प्रत्यक्ष स्थितीसाठी चालू आणि बंद हे दोनच शब्द ठेवलेले नाहीत. ‘माहीत नाही’, ‘तपासणी चालू आहे’, ‘खालचा थर बंद आहे’ हे धरून एकूण सात स्थिती त्यात आहेत. ‘माहीत नाही’ ही स्थिती वेगळी ठेवणे मला फार मोलाचे वाटते. लिंक नसताना वेग विचारला तर ‘माहीत नाही’ यासाठी उणे १ हा आकडा वापरायची रीत आहे. उणे १ हा आकडा १६ बिटांच्या जागेत ठेवून तो साधा धन आकडा म्हणून वाचला की ६५५३५ होतो. तार काढून ठेवलेल्या पोर्टाचा वेग ६५५३५ मेगाबिट आहे, असे दाखवणारे पडदे मी स्वतः पाहिले आहेत.

तो एक बिट हट्टी का आहे

जोडणीच्या त्या बिटाचा एक विशेष गुण आहे. लिंक गेली की तो ० होतो, आणि लिंक लगेच परत आली तरी कोणी येऊन वाचेपर्यंत तो ० वरच राहतो. एकदा वाचला की मगच तो सध्याची स्थिती दाखवू लागतो. ही चिपमधली चूक नाही. प्रमाणातच तसे लिहिलेले आहे.

मोटरीचा साधा स्टार्टर असाच वागतो. हिरवे बटण दाबले की आतली कॉइल खटका धरून ठेवते. लाइट क्षणभर जरी गेली तरी कॉइल खटका सोडते, आणि लाइट परत आली तरी माणसाने येऊन बटण दाबेपर्यंत मोटर बंदच राहते. शेतीची लाइट कधी दिवसा असते, कधी रात्री. रात्रीच्या पाळीत पाणी सोडून काका घरी आले आणि सकाळी मोटर बंद दिसली, तर रात्रीत कधीतरी लाइट गेली होती एवढे त्यांना नक्की कळते, मग पेटीवरचे तिन्ही दिवे त्या वेळी लखलखत का असेनात. दिवे आत्ताची स्थिती सांगतात. रात्री काय घडले ते पडलेला खटका सांगतो.

बिट ० कडेच का अडकतो, १ कडे का नाही, याचे उत्तर भुसावळच्या यार्डात मिळते. मुंबईकडून येणारी लोहमार्गाची वाट तिथे नागपूर आणि इटारसी अशी फुटते. ट्रॅक सर्किट नावाच्या व्यवस्थेत रुळांमधून बारीक प्रवाह सोडलेला असतो आणि त्या प्रवाहाने एक रिले, म्हणजे प्रवाहावर चालणारा खटका, धरून ठेवलेला असतो. गाडीची चाके रुळांवर आली की प्रवाह मधल्यामध्ये वळतो, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. रूळ तुटला, तार तुटली किंवा बॅटरी संपली, तरी रिले पडून सिग्नल लालच होतो. विल्यम रॉबिन्सन यांनी अमेरिकेत १८७२ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. शंका असेल तर धोक्याची बाजू धरायची, हा तिचा गाभा आहे. जोडणीचा बिटही त्याच बाजूने अडकतो.

तीन ओळींचा बदल

आता पॅचकडे येऊ. ड्रायव्हर साधारण दर सेकंदाला एकदा तो बिट वाचतो, असे समजा. लिनक्समध्ये, चिप स्वतःहून हाक मारत नसेल तेव्हा, हाच फेरा असतो. एका नव्या प्रोग्रामरला दिसते की तार खोचल्यावर दिवा लगेच लागतो, पण पडद्यावरची खबर एक फेरा उशिरा येते, कारण पहिल्या वाचनात जुने अडकलेले ० मिळते. तो उपाय सुचवतो. वजा चिन्हाची ओळ काढायची आणि अधिक चिन्हाच्या ओळी घालायच्या, असे वाचायचे:

− स्थिती = रजिस्टर वाचा
+ रजिस्टर वाचा (जुनी नोंद निघून जाऊ द्या)
+ स्थिती = रजिस्टर वाचा

बदल नेटका आहे. कोड चालतो, खबर लवकर येते आणि सोबत ‘तार दहा वेळा काढून घालून पाहिली, प्रत्येक वेळी योग्य स्थिती दिसली’ अशी टीपही आहे. पहिल्या वाचनात तुम्हांलाही यात काही वावगे दिसणार नाही.

पण काकांनी दोन वर्षांपूर्वी पेटीत ऑटो बसवला, तेव्हा काय झाले ते ऐका. ऑटो म्हणजे लाइट आली की हिरवे बटण आपोआप दाबणारी सोय. रात्री उठून शेतात जाणे वाचले आणि साप-विंचवाची भीती गेली, ही मोठीच गोष्ट झाली. मात्र आता सकाळी मोटर चालू दिसे आणि रात्री लाइट किती वेळा गेली याचा मागमूस पेटीवर नसे. कपाशीच्या शेवटच्या सऱ्या कोरड्या दिसल्या की तेवढ्यावरून अंदाज करायचा. पॅचमधले पहिले वाचन हाच ऑटो आहे. पडलेला खटका ते उचलून ठेवते आणि तो पडला होता हे कोणालाच सांगत नाही.

रिव्ह्यू करणारा काय विचारतो

मी अशा पॅचवर पहिली टिप्पणी लिहीन ती ही: लिंक चालू असताना दोन फेऱ्यांच्या मध्ये ती क्षणभर गेली आणि परत आली, तर या बदलानंतर ते कोणाला कळेल? कोणालाच नाही, हे उत्तर लिहिणाऱ्यालाही लगेच पटते, कारण त्याने तार हाताने काढून घालून पाहिलेली असते. माणसाचा हात सेकंदाच्या आत तार काढून परत घालू शकत नाही. त्याच्या चाचणीत ही परिस्थिती येणेच शक्य नव्हते.

दुसरा प्रश्न अधिक खोलात जाणारा आहे: हे रजिस्टर आणखी कोण वाचते? हा बिट वाचणे ही नुसती पाहणी नाही, कारण वाचल्याने अडकलेली नोंद पुसली जाते. दोन वाचक असतील तर पहिल्याला खबर मिळते आणि दुसऱ्याला सगळे आलबेल दिसते. शेजाऱ्याने चांगुलपणाने पहाटे येऊन आमच्या मोटरीचे बटण दाबले, तर सकाळी काकांना काहीच कळणार नाही, तसेच हे. म्हणून मी आग्रह धरतो की रजिस्टर वाचण्याचा अधिकार कोडातल्या एकाच जागेला असावा. त्या जागेने मिळालेली खबर आपल्याकडे लिहून ठेवावी आणि बाकी सगळ्यांनी ती लिहिलेली खबर विचारावी. पॅचमध्ये हा नियम मोडणारी ओळ दिसली, तर ती कितीही सोयीची असली तरी मी पुढे जाऊ देत नाही.

नावे, मोकळ्या जागा आणि ओळींची मांडणी हे सगळे रिव्ह्यूत पाहिले जाते, पण तो भाग आता बराचसा यंत्रे तपासतात.

‘वाटाघाटीला सेकंदाहून जास्त लागतो, मग क्षणभराचा प्रश्न कुठून आला?’

पॅच लिहिणारा लेखक जाणकार असेल तर हा आक्षेप घेतो आणि त्यात तथ्य आहे. वाटाघाट पुन्हा सुरू करण्याआधी चिपने किमान १.२ सेकंद गप्प राहावे, असे प्रमाणच सांगते. म्हणजे तांब्याच्या तारेवर वाटाघाट करून आलेली लिंक एकदा गेली की सेकंदाच्या आत परत येत नाही, आणि दर सेकंदाचा फेरा ती पकडतोच.

पण हे गणित फेरा वेळेवर झाला तरच बरोबर येते. संगणकावर कामाचा ताण असला की हा फेरा रांगेत मागे पडतो. ऑप्टिकल फायबरवर जोडणी काही मिलिसेकंदांत परत उभी राहू शकते. तांब्याच्या तारेवरही वाटाघाट बंद करून वेग हाताने ठरवून ठेवलेला असेल, तर ती १.२ सेकंदांची अट लागू होत नाही. गावोगावी आता फायबर पोहोचते आहे, तेव्हा ‘आमच्या टेबलावर असे होत नाही’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही.

‘एवढ्याशा तुटण्याने काय बिघडते?’

कधी काहीच बिघडत नाही. नेटवर्कवरून माहिती लहान तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत, जाते; हरवलेली पाकिटे पुन्हा पाठवली जातात आणि वापरणाऱ्याला कळतही नाही. पण फेरा लांबलेला असताना लिंक जाऊन नव्या वाटाघाटीने परत आली, तर वेग बदललेला असू शकतो. आधी १ गिगाबिट ठरला होता, आता एक जोडी नीट टेकत नाही म्हणून १०० मेगाबिट ठरला, असे समजा. तारेशी बोलणाऱ्या चिपला हे माहीत आहे. तिच्यामागे बसलेल्या, पाकिटे तयार करणाऱ्या भागाला मात्र नवा वेग ड्रायव्हरने सांगावा लागतो, आणि लिंक गेली होती हेच ड्रायव्हरला कळले नसेल तर तो सांगणार नाही. मग दोन भाग दोन वेगांनी बोलू लागतात. दिवा हिरवा, पडद्यावर ‘जोडलेले’, आणि एकही पाकीट पलीकडे पोहोचत नाही. असा दोष शोधण्यात माझे दिवस गेले आहेत, आणि प्रत्येक वेळी सुरुवातीला माणसे तारेवर, पोर्टावर, शेवटी एकमेकांवर संशय घेतात.

आणि वरचेवर होणारे छोटे तुटणे हे मोठ्या बिघाडाची पूर्वसूचना असते. खिट्टी तुटलेला प्लग, उन्हाने कडक झालेली तार, उंदराने अर्धी कुरतडलेली तार, ही सगळी आधी क्षणभर तुटून दाखवतात आणि मग कायमची जातात. पहिल्या आठवड्यात ते दिसले असते, तर त्या केंद्रातल्या तरुणाला निकालाच्या गर्दीत बोलणी खावी लागली नसती.

‘पण मग एका क्षणाचे तुटणे एक सेकंदाचे करून सांगता, ते खरे आहे का?’

सगळ्या आक्षेपांत मला हाच वजनदार वाटतो. लिंक २० मिलिसेकंद गेली होती. ड्रायव्हरने अडकलेले ० वाचले, ‘लिंक नाही’ असे जाहीर केले आणि पुढच्या फेऱ्यात १ दिसल्यावर ‘लिंक आली’ असे सांगितले. मधला जवळजवळ एक सेकंद लिंक असूनही संगणकाने काही पाठवले नाही. हे नुकसान खरे आहे आणि लेखकाने ते दाखवून दिले तर त्याचे ऐकले पाहिजे.

माझा कौल तरीही एका वाचनाच्या बाजूने आहे. लिंक गेली होती हे सांगितले की वर बसलेल्या प्रत्येक भागाला आपापली मांडणी पुन्हा तपासता येते, वेग नव्याने विचारता येतो. यात एक सेकंद उशीर होईल, पण चुकीच्या समजुतीवर तासन् तास काम चालणार नाही.

आणि लेखकाची मूळ तक्रार, म्हणजे तार खोचल्यावर खबर उशिरा येते ही, वेगळ्या वाटेने सुटते. ड्रायव्हरला आपली मागची खबर आठवत असतेच. मागची खबर ‘लिंक नाही’ अशी असेल, तर अडकलेल्या ० मध्ये नवे काहीच नाही. लिंक नव्हती हे सगळ्यांना आधीच सांगून झालेले आहे, तेव्हा बिट खुशाल दोनदा वाचावा. मागची खबर ‘लिंक आहे’ अशी असेल, तर एकदाच वाचावा आणि जे मिळेल ते सांगावे. चिप स्वतः हाक मारणारी असेल, तर बदल झाल्याची वर्दी त्या हाकेतच आलेली असते आणि तिथेही दोनदा वाचता येते. लिनक्सच्या सामायिक कोडात आज जवळजवळ हीच रचना आहे, आणि फेऱ्याने वाचताना दोनदा का वाचू नये याची टीप त्या ओळींच्या डोक्यावर लिहून ठेवलेली आहे.

याच्या जोडीला मोजणीही हवी. लिनक्स प्रत्येक पोर्टासाठी लिंक किती वेळा आली, किती वेळा गेली आणि एकूण किती वेळा बदलली, हे आकडे वेगळे ठेवतो. केंद्रात मी लॅपटॉपवर पाहिला तो शेवटचा आकडा. काही मिनिटांनी एकदा पाहणाऱ्या यंत्रणेनेही स्थितीसोबत हा आकडा वाचला, तर मधल्या काळात काय घडले ते तिला कळेल. काकांनीही शेवटी असेच केले. ऑटो काढला नाही, पेटीत मोटर किती तास चालली ते मोजणारे मीटर बसवून घेतले. लाइट आठ तास असायला हवी होती आणि मीटर पाच तास दाखवते, तर तीन तासांचा हिशोब कोणाला विचारायचा ते त्यांना कळते.

‘चाचणी घेतली की झाले, माणसाने वाचायचे कशाला?’

चाचणी ठरवलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. या पॅचच्या चाचणीत ‘सध्याची स्थिती बरोबर आहे का’ हे विचारले होते आणि उत्तर बरोबर आले. ‘मधे काय घडून गेले’ हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. तो सुचायला रजिस्टरचे वर्णन उघडून ‘वाचेपर्यंत अडकून राहतो’ ही अर्धी ओळ वाचलेली असावी लागते, आणि ती खबर शेवटी कोण वाचणार आहे त्या माणसाची आठवण असावी लागते.

अशा पॅचला ‘नामंजूर’ एवढेच लिहून परत पाठवणे मला पटत नाही. लेखकाने एक खरी अडचण दाखवलेली असते. मी वरची परिस्थिती पायरीपायरीने लिहितो, मागची खबर पाहून वाचन ठरवण्याची वाट सुचवतो आणि तीन गोष्टी मागतो: दोन वाचनांची अट, तिच्यावर कारण सांगणारी टीप, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये लिंक मुद्दाम पाडून घेतलेली चाचणी. सुधारलेली प्रत येते तेव्हा बहुधा तीन ओळींच्या जागी आठ-दहा ओळी झालेल्या असतात. त्या पुन्हा पहिल्यापासून वाचतो, पटल्या तर खाली ‘तपासले’ म्हणून माझे नाव घालतो, आणि पुढे त्या ओळींत दोष निघाला तर लेखकाच्या बरोबरीने मलाही विचारणा होते.